नोंदीखालची रिकामी जागा

दादाराव गेल्याची बातमी मला चाकणच्या चौकातल्या फ्लेक्सवरून कळली. गार्डच्या गणवेशातला त्यांचा छोटा फोटो, ‘आमचा सावध पहारेकरी’ अशी अक्षरं, आणि शेजारी हात जोडलेला, दुप्पट मोठा सिक्युरिटीचा ठेकेदार. याच माणसाने दोन पावसाळ्यांपूर्वी दादारावांना ‘नसत्या उठाठेवी करतो’ म्हणून कामावरून काढलं होतं. आता निवडणूक तोंडावर आली, तर मेलेल्या माणसाचाही उपयोग झाला. गाडी बाजूला घेऊन मी बराच वेळ नुसता धुमसत उभा राहिलो. आज महिना होऊन गेला तरी तो राग उतरलेला नाही... आणि खरं सांगायचं तर तो सगळाच काही ठेकेदारावरचा नाही.

दादाराव मूळचे वणीकडचे. तिकडच्या भुयारी कोळसा खाणीत त्यांचं आयुष्य गेलं, शेवटची वर्षं सरदार म्हणून. खाणीतला सरदार म्हणजे पाळी सुरू होण्याआधी आत जाऊन छत तपासणारा माणूस. एका हाताने लोखंडी टोकाच्या काठीने छत ठोकायचं, दुसऱ्या हाताचा तळवा दगडाला लावून ठेवायचा. दगड खणखणीत वाजला तर ठीक; बद्द वाजला, तळव्याला थरथर लागली, तर कुणाला आत सोडायचं नाही. मग ते वहीत लिहायचं, आणि पुढच्या पाळीच्या सरदाराने वाचून सही केल्याशिवाय खाली उतरायचं नाही. निवृत्तीनंतर ते निघोज्याला मुलीकडे आले आणि घरी बसवेना म्हणून गार्ड झाले. एकाच गेटवर सकाळची पाळी त्यांची, दुपारी तीनपासून माझी.

आमच्या साइटवर गोडाऊनसाठी टेकडी कापायचं काम चाललं होतं. त्याच टेकडीवर मी लहानपणी शेरडं राखली, पण मला सगळा तो नुसता काळा दगड. एकदा मी लवकर पोचलो, तेव्हा दादारावांनी डबा उघडला. दोन भाकरी, मध्ये लाल ठेचा. म्हणाले, “आमच्याकडे खाली जातानी पयले काळी माती, मंग लाल रेतीचा दगड, मंग पांढुरका, मंग पाटीसारखा थर, अन् मंग कोळसा. कोळशाले कोनी भेत नाही, बापू. भ्याचं थे त्याच्या वरच्या थराले.” मग त्यांनी डबा तिरपा केला. वरची भाकर ठेच्यावरून सरकन घसरली. “अठी बी तेच हाय. दोन काळे थर, मधात तांबडी माती. पानी मुरलं का वरचा थर चालला.” मी जाऊन पाहिलं. कापलेल्या कड्यात विटेच्या रंगाचा वीतभर पट्टा होता आणि त्यातून पाणी पाझरत होतं. त्याच कड्याच्या सावलीत मजूर जेवायला बसत.

त्यांनी तिथे आडवा दोर बांधला, मजुरांच्या शिव्या खाऊन त्यांना उन्हात बसवलं. इंजिनिअरला सांगितलं, तर तो म्हणाला, “मामा, तुम्ही गेट सांभाळा. डोंगराचं आम्ही बघतो.” मग दादाराव गेटच्या रजिस्टरमध्ये, ट्रकच्या नंबरांमध्येच लिहू लागले: पूर्वेचा कडा. तांबडा थर ओला. ठोकल्यावर बद्द वाजतो. खाली कोणी बसू नये. त्याखाली जागा सोडून, ‘वाचून सही’. रोज तीन वाजता रजिस्टर माझ्यापुढे.

“दादाराव, सायेब वरडंल. मला हितंच ऱ्हायचंय.”

“वाचलं ना तू? मंग कर सही.”

अकरा दिवस मी वाचलं. एकदाही सही केली नाही. बाराव्या दिवशी रजिस्टर ठेकेदाराच्या हाती लागलं आणि दादाराव घरी गेले.

सकाळची पाळी मला मिळाली. इंजिनिअर म्हणाला दोर काढा, आणि तो मी माझ्या हाताने सोडला. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कडा खाली आला. मजुरांमधली परभणीकडची रुक्मिणीबाई, जी दादारावांना रोज आठवणीने चटणी द्यायची, तिचा पाय त्याखाली गेला. कंपनीने अतिवृष्टीवर ढकललं. कसली अतिवृष्टी? दोन सरी पडल्या होत्या. चौकशीला सरकारी साहेब आले तेव्हा गेटवर नवं कोरं रजिस्टर होतं; जुनं ठेकेदाराने नेलेलं. त्यांनी विचारलं, आधी कुणी सांगितलं होतं का? ठेकेदार शेजारीच बसला होता. मी म्हणालो, “न्हाई सायेब.”

संध्याकाळी दादारावांकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, “बाईचा पाय वाचला का?” मी नाही म्हणून मान हलवली. ते म्हणाले, “सही केली असती ना, तर तुह्यानं थो दोर सोडवला नसता.”

फ्लेक्स पाहिला त्याच दिवशी त्यांच्या मुलीला भेटायला गेलो. त्यांची लोखंडी टोकाची काठी दाराआड उभी होती. तिने एक वही आणून दिली. रजिस्टरमधली प्रत्येक नोंद ते घरी येऊन त्यात उतरवून ठेवत. अकरा नोंदी, प्रत्येकीखाली ‘पुढची पाळी – संपत’ असं माझं नाव आणि पुढे रिकामी जागा.

रुक्मिणीबाईचा भरपाईचा दावा अजून पडून आहे. वही मी तिच्या वकिलाकडे नेली. त्याने पानं चाळली आणि म्हणाला, “सह्या नाहीत. हे कुणी वाचलं होतं, याला पुरावा काय?”

मी म्हणालो, “मी वाचलं व्हतं. रोज.”