पडझडदादांचे भीष्म

चित्रशाळेत त्यांना सगळे पडझडदादा म्हणत. महाभारतातल्या लढाईचं वीतभर चित्र करायला घेतलं, की वीरांचे चेहरे गुरुजी काढायचे, घोडे-हत्ती दुसरा कारागीर काढायचा, आणि खाली जमिनीवर जे पडलेलं असेल ते दादांच्या वाट्याला यायचं: मोडलेली चाकं, तुटलेले हात, आडवे झालेले सैनिक. तीस वर्षं हेच. मिटलेला डोळा काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. उघडा डोळा त्यांनी एकही काढला नव्हता, आणि कधी कुरकुरही केली नव्हती.

मग गुरुजींचा हात थरथरू लागला. शरशय्येवरच्या भीष्मांचं चित्र अर्ध्यात अडकलं. भोवतीचे राजे झाले होते, बाण झाले होते. भीष्मांचा चेहरा तेवढा कोरा.

"तुम्ही काढा," गुरुजी दादांना म्हणाले. "आडवेच आहेत ते. तुमच्याच खात्यातले."

सगळे हसले. दादाही हसले. चार दिवस वेगळ्या कागदावर झटून त्यांनी चेहरा काढला. गुरुजींनी त्यावर भिंग धरलं.

"डोळा उघडा आहे, पण माणूस गेलाय. अहो, यांना अजून धर्मराजाला कितीतरी सांगायचंय!"

दादा खाली मान घालून घरी आले. घरी त्यांची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. कमरेखालचं अंग गेलेलं, जीभ मात्र ठणठणीत. उठून बसता येत नसे, म्हणून रोज संध्याकाळी दादाच तिला भरवायचे, नजर वाटीत ठेवून.

"सुनेला सांग, दूध उतू जाईल. ती खिडकी लाव. आणि शर्टाचं बटण तुटलंय तुझं, या घरात कोणाला दिसत नाही का?"

दादांनी चमचा तसाच धरून वर पाहिलं. आईची नजर दारावरून खिडकीवर, खिडकीवरून बटणावर फिरत होती. मध्येच पाठीत कळ आली की ती क्षणभर थिजायची, आणि पुन्हा कामाला लागायची. आपण हिला केव्हाच पडलेल्यांत जमा करून टाकलं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. फार लाज वाटली.

"काय बघतोस रे? आहे मी अजून."

"फार दुखतं का गं?" दोन वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं.

"दुखतं तर. पण दुखण्याकडेच बघत बसले, तर घराकडे कोण बघणार?"

तीन संध्याकाळी दादा तिच्याजवळ नुसते बसून राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी मूळ चित्रातच भीष्मांचा चेहरा काढला. भुवई किंचित चढलेली, बुबुळ कोपऱ्यात, धर्मराजाकडे वळलेलं.

गुरुजींनी बराच वेळ भिंग हलवलं नाही. मग म्हणाले, "आता बोलतील. पुढच्या चित्रातले चेहरेही तुमचेच."

"काढतो," दादा म्हणाले. "पण पडलेलेही माझ्याकडेच राहू द्या. त्यांना दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला जीव होत नाही."

गिऱ्हाईक यायच्या आधी, गुरुजींना विचारून, त्यांनी चित्र एक दिवस घरी नेलं. आईने ते डोळ्यांजवळ धरलं.

"म्हातारा तापट दिसतो. कोणावर गेलाय?"

सून हसू दाबत आत पळाली. आई चित्राकडे बघतच राहिली.

"इतके सगळे उभे आहेत भोवती. कोणी घोटभर पाणी तरी पाजलं का यांना?"

"अर्जुनाने पाजलं ना."

"मग बरं," ती म्हणाली आणि चित्र जपून त्यांच्या हातात दिलं.