परिसरात शांतता आहे

निवृत्त मुख्याध्यापिकेला जालन्यात दोनच कामं मिळतात : लग्नात अक्षता वाटायच्या आणि कमिटीवर बसायचं. आमच्या कॉलनीत भरदुपारी चोऱ्या व्हायला लागल्या, तेव्हा पोलीस ठाण्यातल्या बैठकीत सगळ्यात जास्त मीच बोलले. म्हणून मला गस्तीच्या कमिटीवर घेतलं आणि गस्तीची वही माझ्या गळ्यात पडली. ठरलं असं, की आमच्या भागाच्या जमादारांनी रोज दुपारी फेरी मारायची, माझ्या फाटकावरच्या पेटीतल्या वहीत वेळ आणि शेरा लिहायचा, आणि ते खरोखर आले याची साक्ष म्हणून शेजारी मी सही करायची. पोलिसांवर वचक नको का!

पहिला आठवडा वचक बराबर राहिला. मग ऊन तापलं. जमादारांचे गुडघे दुखायचे, त्यात कधी भोकरदनला बंदोबस्त, कधी मंठ्याला. एका सोमवारी माझ्या ओट्यावर चहा पीत, गुडघा दाबत ते म्हणाले, "बाई, उद्यापासून पुन्हा बंदोबस्त हाय. इकडं यायला जमन असं वाटत न्हाई."

मला दया आली. माझी दया फार महाग पडते, पण ते नंतर कळतं. म्हटलं, "मग रविवारपर्यंतचं आजच लिहून टाका." त्यांनी प्रत्येक वारापुढे दोन वाजले असं लिहायला घेतलं, तर मीच म्हटलं, "अहो, वेळा जरा मागंपुढं टाका. असं खोटं वाटतं." मग 'परिसरात शांतता आहे' हा शेरा सहा वेळा. शेजारी माझ्या सह्या, चांगल्या ठसठशीत.

गुरुवारी दुपारी शेजारच्या सिस्टरची स्कूटी गेली. ही वाटूरकडच्या एका खेड्यात उपकेंद्रावर नर्स आहे. सात वर्षं काळीपिवळी जीपच्या मागं लटकून तिनं नोकरी केली; स्कूटी आल्यापासून कुठं माणसासारखी कामावर जात होती. त्या दिवशी अर्धी रजा होती. जेवून बाहेर येते तो गाडी गायब.

मी तिला घेऊन ठाण्यात गेले. टेबलावरचा हवालदार म्हणाला, "गाडी गहाळ झाल्याचा अर्ज द्या."

"गाडी काय छत्री आहे का गहाळ व्हायला? चोरीचा गुन्हा नोंदवा."

"अर्ज द्या, मंग बघू."

गुन्हा नाही तर तपास नाही, आणि तपास नाही तर सिस्टर पुन्हा जीपच्या मागं. माझ्या मस्तकात तिडीक गेली. तडक घरी आले, वही काढली आणि ठाण्यात मोठ्या साहेबांच्या टेबलावर आपटली. "बघा! तुमचे जमादार सोमवारनंतर कॉलनीत फिरकलेले नाहीत!"

साहेबांनी चष्मा लावला. "गुरुवार. दोन वाजून वीस मिनिटं. परिसरात शांतता आहे." बोट खाली सरकलं. "शुक्रवारी बी शांतता. शनिवारी बी. बाई, आज वार कोणता?"

"गुरुवार," मी म्हटलं.

"आन् ही बाजूची सही कुणाची?"

रागाच्या भरात मी ती साफ विसरले होते. जन्मभर प्रगतिपुस्तकांवरच्या बापांच्या खोट्या सह्या पकडून मी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं. आता मीच उभी होते, पदरानं घाम पुसत.

"वही खरी असंल तर चोरी झालीच न्हाई," साहेब शांतपणे म्हणाले. "चोरी झाली असंल तर वही खोटी. तसं लिहून देता का?"

सिस्टर माझ्याकडं बघत होती. मी खुर्ची ओढली आणि लिहून दिलं, की नोंदी आधीच केलेल्या असून त्यात माझाही हात आहे. जमादारांना नोटीस निघाली, मी कमिटीतून गेले आणि चोरीचा गुन्हा नोंदवला गेला.

परतताना रिक्षात मला जरा अभिमानच वाटत होता. म्हटलं, "घेतला की नाही गुन्हा?"

"घेतला, बाई," तक्रारीच्या नकलेची घडी घालत सिस्टर म्हणाली. "रोज दुपारी जमादार येऊन राह्यले, तुमची सही असती, असं समदी कॉलनी म्हनती. म्हनून तर मी आज गाडीला लॉक न लावता जेवायला बसले."

घर येईपर्यंत मला तिच्याकडं बघवलं नाही.