स्लॅबवरचा जवळा

मला राग लवकर येतो आणि तो डोक्यातून सरळ हातात उतरतो. बोईसरला कारखान्यांच्या शेड बांधायला गवंडी म्हणून लागलो, तेव्हा माझा हात थापीवर कमी आणि कुणाच्या तरी कॉलरवर जास्त असायचा. तिथल्या साहेबाकडून मात्र एक गोष्ट शिकलो. वाळूचा ट्रक आला की तो चिमूटभर वाळू जिभेवर ठेवायचा. खारट लागली की ट्रक परत. मिठाने आतली सळई गंजते, फुगते आणि सिमेंट फोडते, एवढं सांगून तो थुंकायचा.

माझी थोरली बहीण घिवलीजवळच्या एका कोळीवाड्यात दिलेली. भावजी मासेमारीच्या होडीवर तांडेल, होडी स्वतःची. त्यांच्या दारासमोर मासळी सुकवायचं खळं होतं. दर पावसाळ्यात समुद्र त्याचा एकेक लचका तोडत होता. ऐंशीच्या दशकात एका वर्षी उरलेलंही गेलं. तेव्हा भावजींनी ठरवलं, कौलं उतरवायची आणि सपाट स्लॅब टाकायचा. खाली राहायचं, वर जवळा सुकवायचा. घरचाच गवंडी असल्यामुळे काम माझ्याकडे आलं.

मी नदीची वाळू मागितली. भावजी हसले. "दारात येवढी रेती हाय नि तुला नदीची पायजे? बोईसरला जाऊन सायेब झालास काय रे?"

घर आणि दर्याच्या मधला वाळूचा उंचवटा खणून बायकांनी पाट्या भरून आणल्या. मी चिमूट जिभेवर ठेवली. खारट होती. पण स्लॅबच्या दिवशी अख्खा वाडा मदतीला उभा, नारळ फुटलेला, बहीण हसत गूळपाणी वाटतेय. माझ्या तोंडून ‘नाही’ निघेना. मी खारी वाळू कालवली. त्याची लाज मला आजही वाटते.

उंचवटा गेल्यावर पुढच्याच पावसाळ्यात लाटा पायरीला लागल्या. वर समुद्राच्या पाण्याने निथळणारा जवळा पसरायचे, त्याचं मीठ स्लॅबमध्ये मुरत राहिलं. पाच वर्षांनी भाऊबीजेला गेलो तर छताचे पोपडे सुटलेले, सळया उघड्या पडलेल्या. बहीण जिथे झोपायची, नेमका तिथेच वर हातभर तडा.

तिने ओवाळलं. कपाळावरचं कुंकू ओलं असतानाच मी म्हटलं, हा स्लॅब आजच पाडायचा.

"हात लावलास तर तंगडी तोडीन," भावजी म्हणाले.

मी घण घेऊन वर चढलो आणि जवळा लाथेने उडवला. ते वल्हं घेऊन मागून आले. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानावर. कानातून रक्त आलं. मी त्यांच्या पोटात डोकं खुपसून त्यांना आडवं केलं, छातीवर बसून नाक फोडलं, वल्हं खाली भिरकावलं. मग उठून घण घातला. एक, दोन. तिसऱ्याला कोपरा खाली गेला.

खालून किंकाळी आली.

आम्हाला सोडवायला बहीण खोलीतून धावत निघाली होती आणि नेमकी त्या कोपऱ्याखाली सापडली होती. गुडघ्याखालचा पाय ढिगाऱ्यात. मी आणि भावजी, दोघांनी नखं तुटेपर्यंत ढिगारा उपसला. तिच्या लुगड्यावर तिघांचं रक्त होतं. टेम्पोत घालून पालघरला नेलं. पाय वाचला, पण वाकडा झाला.

दोन वर्षं मी तिकडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा घरावर नवा स्लॅब होता, दुसऱ्या गवंड्याने टाकलेला. त्याच्या कडेला सिमेंटमध्ये शिंपल्यांचे तुकडे चमकत होते. म्हणजे वाळू किनाऱ्याचीच. बहीण डोक्यावर ओल्या जवळ्याची पाटी घेऊन लंगडत जिना चढत होती. मी तिच्यावरच खेकसलो. पुन्हा मरायचंय का? अक्कल आहे की नाही?

तिने पाटी उतरवली नाही. भिंतीला हात टेकून उभी राहिली.

"खळं दर्यानं नेलं," ती म्हणाली. "मग सुकवू कुठं? तुज्या डोक्यावर?"

मी गवंडी. मला काहीतरी सुचायला हवं होतं. मी तिच्या डोक्यावरची पाटी घेतली, वर गेलो आणि माझ्या हातांनी जवळा पसरला.