उपड्या होडीखाली

मॉरिशसला लेकीकडे गेले होते, तेव्हा समुद्राकाठचं एक जुनं अँग्लिकन चर्च पाहिलं. बाहेरून काळ्या दगडाचं, अगदी साधं. आत बाकावर टेकले, सहज मान वर केली आणि बघतच राहिले. छपराच्या लाकडी फासळ्या मधल्या कण्याकडे अशा वळत गेल्या होत्या, की वाटलं, आपण उपड्या होडीखाली बसलोय.

चर्च सांभाळणाऱ्या बाई फुलं बदलत होत्या. म्हणाल्या, "इंग्रज पाद्र्याला त्याच्या गावासारखं उंच छप्पर हवं होतं. इथले सुतार होड्या बांधणारे. त्यांनी होडीच बांधली आणि पालथी घातली. वादळांत घरं उडाली, हे हललं नाही."

जे हातात होतं, तेच त्यांनी त्या नव्या देवाला दिलं. याहून मोठी भक्ती मला तरी ठाऊक नाही.

मी मालवणची, मच्छीमाराची मुलगी. पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे होड्या वर ओढून वाळूत उपड्या घालतात. आमची होडी उपडी झाली की आई समुद्राला हात जोडायची आणि वर्षभराचा श्वास सोडल्यासारखी म्हणायची, "चला, सगळे घराक इले."