कुंपणाच्या आतली रोही

बाबांचा खांदा निकामी झाला, तेव्हा मी अमरावतीहून वलगावजवळच्या आमच्या शेतावर पंधरा दिवसांसाठी आले. परीक्षेची पुस्तकं सोबत होती. शेजाऱ्यांनी कंटाळून शेतं पडीक टाकलेली, त्यामुळे सगळे रोही, म्हणजे नीलगायी, आमच्याच तुरीत शिरत. कुंपण घालणं भाग होतं आणि घरात धड खांदे माझेच होते.

कुंपणाच्या खांबासाठी लोखंडी अँगल रोवायचा तर एकानं धरायचा, दुसऱ्यानं ड्रमवर चढून घण मारायचा. बाबांना धरणंही जमेना. मग गावातल्या वेल्डिंगवाल्या चाचांनी बोअरच्या जाड पाइपाचा गुडघ्याएवढा तुकडा घेतला, एक तोंड लोखंडी पट्टीनं बंद केलं, बाजूंना सळीच्या मुठी जोडल्या. अँगलवर टोपीसारखा घालायचा, उचलायचा, आदळायचा.

"याले ठोक्या म्हण, बेटा," चाचा म्हणाले.

ठोक्यानं काम एकटीला जमू लागलं. तिथंच मी अडकले. पंधराचे चाळीस दिवस झाले. तळहात सोलून निघाले, पुस्तकं पिशवीतच राहिली. बाबा रोज म्हणायचे, "तू हायेस म्हून होऊन राहिलं, माय."

शेवटचा अँगल रोवून तार ओढली. दुसऱ्या सकाळी पाहतो तर तुरीत गाभण रोही. कुंपण बंद झालं तेव्हा ती आतच बसलेली असणार. आम्हाला पाहून ती उधळली, तारेवर आदळली, मागे फिरली, पुन्हा आदळली. छाती रक्तानं माखली.

"अँगल काढा लागते," बाबा म्हणाले.

ठोक्या घेऊन मी चाचांकडे धावले. "ठोकाले बनवला, उपटाले नाही," म्हणत ते सब्बल, म्हणजे पहार, आणि साखळी घेऊन स्वतःच आले. आम्ही तार तोडली, बुडाशी पाणी ओतलं, माती उकरली. साखळी बांधून, लाकडी बल्लीची तरफ करून दुपारपर्यंत तीन अँगल निघाले. मग आम्ही लांब बाभळीखाली बसलो. रोही बराच वेळ हललीच नाही. वाट समोर होती, तरी ती उघड्या जागेकडे नुसती पाहत राहिली. मग एकदम निघाली आणि पडीक रानात दिसेनाशी झाली.

तेव्हाच मी म्हणाले, "बाबा, मले जा लागते. परीक्षा आहे."

ते खांदा चोळत म्हणाले, "मी कुठं अडवून राहिलो? पण हे तीन खड्डे?"

चाचा माझ्याकडे पाहत होते. "खड्डे मी भरतो," ते हळूच म्हणाले.

तरी मी गेले नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी चाचांनी आणि मी अँगल पुन्हा बसवले, भोवती दगड ठोकले. त्या वर्षी तूर चांगली झाली. परीक्षेला मी बसले नाही.