सगळ्या सिनेमांत आबाच

आबा समोरच्याचा खांदा धरायचे. त्याला आपल्याकडे वळवायचे, तोंडाकडे नीट बघायचे आणि मगच उत्तर द्यायचे. हवालदार झाले तरी तेच, भगत झाले तरी तेच. पोरगी पळवणारा गुंड झाले तेव्हाही आधी पोरीचा खांदा धरून म्हणाले, "मन्हाकडे तोंड कर. मंग बोल." डिंडोलीच्या कामगार वस्तीतला, लग्नांचं शूटिंग करणारा एक जण सुट्टीच्या दिवशी लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावर कापड विणणाऱ्या माणसांना घेऊन अहिराणी सिनेमे काढायचा आणि मोबाइलवर टाकायचा. त्यातल्या अकरा सिनेमांत आबा होते आणि अकराही ठिकाणी आबाच होते. शेजारच्या लिंबायतमध्ये लोक त्या हाताची वाट बघत बसायचे; खांद्यावर हात पडला की शिट्ट्या.

मोठ्या पडद्यावरचा हिरो तीस-तीस वर्षं स्वतःचंच काम करत राहतो, त्याला स्टाइल म्हणतात. लूमवरचा माणूस तेच करतो, तेव्हा त्याला अभिनय येत नाही. आज मी हे चिडून लिहिते आहे, पण तेव्हा हे मत माझंच होतं.

आम्ही संघटनेचे लोक लूम कामगारांत पत्रकं वाटतो. त्या वर्षीचा मथळा मीच लिहिला होता, 'लूम तुमचे कान खातो'. मागणी एकच, मालकांनी स्वतःच्या खर्चानं कामगारांचे कान तपासून घ्यावेत. सह्या मिळवायला कारखान्याच्या गेटवर पथनाट्य ठरलं आणि गर्दी जमावी म्हणून सेठच्या भूमिकेसाठी मी आबांकडे गेले.

"माले सेठ करस?" ते हसले. "मन्हा सदराले तं धड बटन बी नही, माय." पण लगेच तयार झाले.

तालीम आमच्या खोलीत गोल बसून झाली. आबांना सगळ्यांचे संवाद पाठ होते. गेटवर मात्र मला ऐन वेळी सुचलं की सेठनं कामगाराकडे पाठ करून उभं राहावं. तुच्छता दिसली पाहिजे. कामगार झालेला पोरगा मागून म्हणाला, "सेठ, कानात सारखी शिट्टी वाजते." आबांनी न वळता म्हणायचं होतं, "उद्यापासून येऊ नको." आबा गप्प. पोरानं पुन्हा म्हटलं. पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा आबा वळले, त्यांनी पोराचा खांदा धरला.

"मन्हाकडे तोंड कर. आते बोल."

पोरगा बोलला. आबांनी त्याच्या तोंडाकडे इतकं जीव लावून पाहिलं की पुढचं वाक्य त्यांच्यानं म्हणवेना. "चाल, डॉक्टरकडे जाऊ," म्हणाले. कामगार पोट धरून हसले. गेटमधला खरा सेठही हसला. हसत हसत सगळे पाळीवर निघून गेले आणि सह्यांचा कागद कोरा राहिला.

मी सगळ्यांदेखत त्यांना झापलं. "आबा, तुम्हाला अभिनय येत नाही. कुठेही उभे करा, तुम्ही तुम्हीच."

"मंग दुसरा कोठेन आनू, माय?" ते शांतपणे म्हणाले.

मी कॉलेजातला एक मुलगा घेतला. त्याला सेठ झकास जमला. त्याचं नाव आज मला आठवत नाही.

महिन्याभरानं आबा रस्त्यात दिसले. त्यांना स्कूटरवर मागं बसवून डिंडोलीला सोडलं. वाटेत, समोर बघत, मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी माझं चुकलं. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं." मागून काही उत्तर आलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तरी नाही. मला वाटलं, म्हातारा अडून बसलाय. उतरल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "चाल, चाय पीशी?" मी काम असल्याचं सांगून निघून गेले.

ती शेवटची भेट. थंडीत आबा गावी गेले आणि तिथेच झोपेत वारले. बाराव्याला मी गेले तेव्हा त्यांच्या बायकोला स्कूटरवरची गोष्ट सांगितली, की आबांनी मला माफ केलं नाही. त्या म्हणाल्या,

"त्यासले ऐकू कोठे येत होतं, पोरी? तोंड देखीसन समजेत. सेठले कळतं तं कामवरथून काढी टाकता."

लूमवरचा प्रत्येकच माणूस मोठ्यानं बोलतो आणि तोंडाकडे बघतो, म्हणून मला कळलं नाही, असं मी स्वतःला सांगत असते. खरं म्हणजे कानांवर पत्रक लिहिणाऱ्या बाईनं समोरचा माणूस ऐकतो की नाही हे कधी पाहिलंच नाही. तपासणीत आबांचीच नोकरी आधी गेली असती. ते त्यांना माहीत होतं, तरी ते गेटवर आले. आता आमच्या पत्रकात पहिली मागणी वेगळी आहे. ज्याचे कान कामानं गेले, त्याला कामावरून काढायचं नाही.

भूमिकेत विरघळून जाणाऱ्या नटांचं कौतुक होतं, होऊ दे. ते विरघळतात आणि मागे भूमिका उरते. मला माणूस हवा आहे, आणि तो अकरा सिनेमांत जसाच्या तसा आहे. मी हवालदाराचा सिनेमा लावते. आबा कुणाचा तरी खांदा धरतात, पडद्यावर त्यांचा चेहरा पुढे येतो. "मन्हाकडे तोंड कर." मी तिथे थांबवते, मोबाइल तोंडासमोर धरते आणि स्कूटरवरचं वाक्य सावकाश, ओठ नीट हलवून म्हणते.