वळणावरची धूळ

पारोळ्याच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो आणि गिरधर मास्तर चित्रकला. आमचं भांडण सतरा वर्षं चाललं. त्यांच्या निसर्गचित्रांत गावचा किल्ला कधी डोंगरावर असे, कधी थेट तापीकाठी. नकाशाची अशी थट्टा मला खपत नसे. तसं म्हटलं की ते शांतपणे सांगत, "आज मन तिथं होतं." तैलरंग वाळायला आठवडा लागतो आणि आमच्या गावाला धुळीची काय कमी! मास्तर भिंग लावून सुईच्या टोकानं ओल्या रंगावरचा एकेक कण उचलत. मला तो निव्वळ रिकामटेकडेपणा वाटे.

सत्याऐंशीच्या जानेवारीत त्यांची एकुलती लेक वच्छला शिरपूरला, सासरी, काविळीनं गेली. तेराव्यानंतर मास्तर शाळेत आले, हजेरी घेतली, फळ्यावर पेरू काढला. रडले नाहीत. चित्रंही थांबली नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. फक्त किल्ला आता जिथल्या तिथं असे, माप घेतल्यासारखा बरोबर, आणि सगळं राखाडी. मी विचारलं, हिरवा संपला का? म्हणाले, आहे की, लावावासा वाटत नाही. इतकी वर्षं बरोबर चित्रासाठी भांडलो आणि आता ते बघवेना.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्याकडे त्या सणाला लेकी माहेरी येतात आणि गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. वच्छलाची घागर शिरपूरला भरली जाणार होती, तो सासरच्यांचा मान. तिच्या आईला, प्रमिलाबाईंना, लेकीसाठी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे एकच मागणं केलं. पोरगी एसटीतून जिथं उतरायची ते वळण काढून द्या, घागरीच्या जागी मी ते ठेवीन. मास्तरांनी दोन दिवसांत काढलं. मीही बघायला गेलो. वळण, लिंबाचं झाड, रस्ता, कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

"ती भर दुपारले ये," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आठे ऊन कोठे शे?"

खरंच, चित्रात उन्हाचा पत्ता नव्हता. आखाजीच्या दुपारी मास्तर तोच कॅनव्हास घेऊन वळणावर जाऊन बसले. चक्कर येऊन पडतील म्हणून छत्री धरायला मी. पिवळा त्यांनी लावला, पण भिंतीला चुना फासावा तसा. तेवढ्यात धुळ्याची एसटी आली. लेकीबाळी उतरायला लागल्या. मास्तर ब्रश टाकून उठले, गाडीच्या दाराशी गेले आणि दोन्ही हात वर केले. दर आखाजीला ते असेच पिशवी घ्यायला उभे राहत. कडेवर पोर असलेल्या एका अनोळखी मुलीनं, कुणी भला माणूस आहे असं समजून, आपली पिशवी त्यांच्या हातात दिलीसुद्धा. उतरल्यावर तिनं ती परत घेतली, वाकून नमस्कार केला आणि गेली. मास्तर हात तसेच धरून उभे. एसटी धूळ उडवून निघून गेली.

घरी आल्यावर चित्र पाटावर ठेवलं. ओल्या पिवळ्यावर धुळीचा थर बसला होता. मास्तरांनी सवयीनं भिंग लावलं, सुई घेतली. प्रमिलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या. गाडीनी धूय शे ती."

मास्तरांनी सुई खाली ठेवली. चित्रातल्या त्या धुरकट उन्हाकडे बघत बसले.

"वच्छलानी पिशवी भलती जड राहे," ते म्हणाले, आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा रडले.

मी ओसरीत छत्री उघडीच धरून उभा होतो.